गुरुदास तांडेलाच्या छातीवरचे सहा डाग

गेले आठ दिवस सावित्रीचा उजवा हात सारखा स्वतःच्या गळ्याखाली जात होता. एसटीत बसली की जाई, चुलीपुढे बसली की जाई, देवळात हात जोडायचे सोडून तिथेच जाई. गळ्याच्या खड्ड्यात बोट ठेवायचं, हाडावरून खाली सरकवायचं, आडवा उंचवटा लागला की थांबायचं. त्या उंचवट्याच्या बाजूला दुसरी फासळी. तिच्याखाली दुसरी फट. मग तिसरी. मग चौथी. त्या चौथ्या फटीत, मधल्या हाडाला लागून, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. कार्डिओग्रामच्या पहिल्या दोन वाट्या तिथे लावायच्या.

हे तिला नव्या डॉक्टर आकांक्षाने शिकवलं होतं, मागच्या सोमवारी. आणि सावित्री गेली चौदा वर्षं त्या दोन वाट्या चांगल्या दोन फासळ्या वर लावत आली होती.

बंदरवाडीचा दवाखाना सहा खाटांचा. सावित्री तिथे आधी झाडलोट करायला लागली. नवरा गेल्यावर जुन्या कंपाउंडरने तिच्यावर दया म्हणून मशीनचं काम तिला दाखवलं. हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा रबरी फुग्यांच्या वाट्या, बटण दाबलं की कागदाची पट्टी बाहेर. खोलीला दार होतं, पण त्याची कडी मोडकी. पडदा होता तो अर्ध्यावर संपायचा. पहिल्याच दिवशी एक म्हातारी आली, तिने पोलक्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. कंपाउंडर बाहेरूनच म्हणाला, "बायकांच्या पोलक्याच्या गळ्यावर पहिल्या दोन लाव गो. खाली हात घालू नको, उगाच बोभाटा होईल." तेच माप सावित्रीच्या हाताला बसलं. पोलक्याचा गळा. पुढे पुरुष आले, त्यांच्या अंगात पोलकं नव्हतं, तरी हात आपला पोलक्याच्या गळ्यावरच थांबायचा. बाकीच्या चार वाट्या ती, बायकांचं पोलकं खालून जरा वर सरकवून, बरोबर लावी, त्या डाव्या स्तनाखालून काखेकडे जात. चुकायच्या त्या पहिल्या दोन.

आकांक्षाने दार लावून, सावित्रीलाच खाटेवर निजवून, तिच्याच छातीवर बोटाने फटी मोजून दाखवल्या होत्या. "या दोन वर गेल्या ना, सावित्रीताई, तर चांगल्या माणसाच्या पट्टीतही जुना झटका येऊन गेल्यासारखा दिसतो. म्हणून मोजूनच लावायच्या, आणि दर वेळी त्याच जागी. कळलं ना?"

"हो," सावित्री म्हणाली होती.

नुसतं हो. मी आजवर कुठे लावत होते ते बोलली नाही. तो हो तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला. भात गिळला तरी जाईना, पाणी प्यालं तरी जाईना.

चौदा वर्षांतल्या छात्या तिला आठवू लागल्या. सगळ्यांच्या पुढे गुरुदास तांडेलाची.

गुरुदास नात्याने तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, म्हणजे भावजी. वाडीच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल. होडीतून जाळं कुठे सोडायचं, कधी ओढायचं, हे तो सांगणार आणि दोन्ही दोरांना लागलेली चाळीस माणसं ऐकणार. गेल्या वैशाखात त्याला चक्कर आली म्हणून विमलाने, त्याच्या बायकोने, ओढत दवाखान्यात आणलं. सावित्रीने पट्टी काढली. तेव्हा कुडाळहून आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर येत. त्यांनी पट्टी बघून सांगितलं, कधीतरी झटका येऊन गेलेला दिसतो, गोव्याला जाऊन मोठी तपासणी करून घ्या, तोवर समुद्र बंद, दोर बंद. गुरुदास गोव्याला काही गेला नाही. समुद्र मात्र त्याने सोडला. तांडेलकी पुतण्याकडे, बाळाकडे गेली.

त्या दिवशी घरी गेल्यावर गुरुदासने आणखी एक उद्योग केला. वाट्या काढल्यावर छातीवर लाल गोल वळ उठतात. ते वळ पुसायच्या आत त्याने ओल्या काजूबीचा चीक काडीने घेऊन प्रत्येक वळाच्या मध्यावर एकेक ठिपका दिला. लहानपणी पोरं त्या चिकाने हातावर नावं काढतात आणि मग आईचा मार खातात, तसलाच प्रकार. फोड आले, चिघळले, विमलाने पंधरा दिवस खोबरेल लावलं. फोड गेले, पण सहा काळे डाग राहिले ते राहिलेच.

"मेल्या, ह्या वयात ही थेरां कित्याक?" शेजारच्यांनी विचारलं.

"पाण्यातलो खडक दिसना नाय," गुरुदास म्हणाला होता. "देवळाचो कळस नि सड्यावरचो आंबो एका रेषेत धरतंय, तेवां माका खडक गावता. दर खेपेक तोच. माझ्या काळजाचा तसाच. दर खेपेक तीच जागा व्हयी. ह्ये माझे खुणेचे आंबे."

सगळी वाडी हसली होती. सावित्रीही हसली होती. आता तिला त्या हसण्याची आठवण आली की कानशिलं तापत.

शेवटी एका संध्याकाळी तिला राहवेना. ती गुरुदासच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेली. तो जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

"काय गो वयनी, आज वाट चुकलंस?"

"तुमकाच बघूक इलंय. कसे आसात?"

"कसो आसतलंय? जाळ्याची भोकां मोजतंय."

"मोजतत खंय!" आतून विमला ओरडली. "हयसून बाळाक शिव्या घालतत. तेचा जाळा वाकडा पडला, तेची होडी उशिरान गेली. तेका आयकाक जाता काय?"

गुरुदास हसला. सावित्रीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "भावजी, ती मागची पट्टी परत एकदा काढूया. माका वाटता, तेच्यात काय तरी चुकलेला आसा."

त्याचा हात जाळ्यातच थांबला. "चुकलेला? कोण चुकलो?"

आता बोलायचं होतं. "मशीन जुना आसा," ती म्हणाली.

"म्हणजे माका कायच झालेला नाय?"

"तसा मी म्हणूक नाय हां. परत काढल्याशिवाय कसा सांगतलंय? उद्या धा वाजता येवा."

"येतंय," तो म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. माडांमधून पाणी दिसत होतं, तिकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सावित्री नऊच्या एसटीने दवाखान्यापुढे उतरली तर दारात बाळाची रिक्षा आडवीतिडवी उभी. आत खाटेवर गुरुदास. गुडघ्यापर्यंत वाळू, शर्ट ओलाचिंब, तोंड राखेसारखं. तळहात लाल झालेले, दोर ओढून सोललेले. विमला त्याच्या पायाशी उभी होती. सावित्रीला बघताच ती फुटली.

"रापण ओढूक गेले! फाटफटी उठान गेले! मी आडवी पडलंय दारात, तर म्हणतत, वयनीन सांगल्यान मशीन चुकला, माका कायच झालेला नाय. काय सांगलंस गो तू तेंका? काय सांगलंस?"

चुकीच्या पट्टीने या माणसाला दहा महिने घरी बसवलं, आणि अर्ध्या बोलण्याने आज मरायला पाठवलं. दोन्ही कामं तिचीच.

"सावित्रीताई, पट्टी. लवकर," आकांक्षा म्हणाली. तिने गुरुदासला चावायला गोळी दिली होती आणि ती त्याच्या हाताला सुई लावत होती.

सावित्रीने शर्ट उघडला. पांढऱ्या केसांत सहा काळे डाग. चार खाली, ओळीने काखेकडे गेलेले, आणि दोन वर, पार गळ्याजवळ. तिने गळ्याच्या खड्ड्यात बोट ठेवलं. फट सापडेना. परत वरून मोजलं. दुसरी. तिसरी. चौथी.

"वयनी," गुरुदास दातांतून बोलला, "खाली गेलंस. माझे डाग वर आसत."

"भावजी, वायच गप रवा."

"दर खेपेक तीच जागा..."

"गप रवा म्हटलंय ना!"

पट्टी आली. आकांक्षाने फाइलमधली जुनी पट्टी काढून तिच्याशेजारी धरली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिने गोव्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले आणि फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलू लागली.

"सर, चौसष्ट वर्षांचे आहेत, दीड तास छातीत दुखतंय. चौथ्या-पाचव्या वाटीची रेघ कागदाचं जेमतेम एक घर वर उचललीय. जुन्या पट्टीत ती उचललेली नाही. पण जुन्या पट्टीत पहिल्या दोनमध्ये जुना झटका दिसतो, आणि आजच्या पट्टीत तो नाहीच."

"झटक्याची खूण अशी पुसली जात नाही," फोनमधला आवाज म्हणाला. "दोन पट्ट्या वेगवेगळ्या जागांवरच्या आहेत. मग त्या एका घरावर मी भरवसा कसा ठेवू? जागा हलली तरी रेघ तेवढी हलते. वय आहे, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं आणि डोक्यात रक्तस्राव व्हायचा. अर्ध्या तासाने परत काढा, नाहीतर पाठवून द्या, इथे बघू."

"सर, पोचायला अडीच तास लागतील. खरोखरच झटका असेल तर..."

"मला कळतंय. पण जुनी पट्टी कुठे वाट्या लावून काढलीय, हे आज कोण सांगणार?"

विमलाने गुरुदासचा पाय धरला होता. सावित्रीचा हात परत गळ्याखाली गेला. तिने तो ओढून खाली घेतला.

"मी सांगते," ती म्हणाली.

आकांक्षाने मान वळवली.

"ती पट्टी मी काढलेली. पहिल्या दोन वाट्या मी वर लावल्या होत्या, दोन फासळ्या वर. मी सगळ्यांनाच तशा लावायचे. चौदा वर्षं." एकदा सुटलं तसं ते थांबेना. "त्या दिवशी तुम्ही शिकवलंत तेव्हाच मला कळलं. मी बोलले नाही. पण खालच्या चार बरोबर होत्या. आणि सहाही कुठे होत्या ते यांच्या अंगावर आहे. हे डाग बघा. त्याच दिवशी वाट्यांच्या वळांवर यांनी काजूचा चीक लावला. केसभर इकडेतिकडे नाही. या डागांवर लावून परत काढते, म्हणजे दोन्ही पट्ट्या एका जागेवरच्या होतील."

आकांक्षाने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की काय होतं, सावित्रीला ते नंतरही कधी ठरवता आलं नाही.

"नंतर बोलू," आकांक्षा म्हणाली. "काढा."

सावित्रीने सहा वाट्या सहा डागांवर चिकटवल्या. खालच्या चार होत्या तिथेच बसल्या, वरच्या दोन तेवढ्या वर गेल्या. गुरुदासचे डोळे तिच्या तोंडावर होते. त्याने सगळं ऐकलं होतं.

"वयनी. म्हणजे तेवां माका काय झालाच नव्हता?"

"नव्हता, भावजी."

"नि आज?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मशीन जुनं होतंच. "आज झालेला दिसता," ती म्हणाली.

"आवशीचो घो!" गुरुदास म्हणाला, आणि घामाने भिजलेल्या त्या तोंडावर हसू आलं की कळ आली ते समजलं नाही.

तीन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी. सावित्रीला पट्टीतलं सारं वाचता येत नव्हतं, पण एवढं तिलाही दिसलं. डागांवरच्या पट्टीत पहिल्या दोन रेघा गेल्या वर्षीच्या रेघांवर कागद ठेवून गिरवल्यासारख्या होत्या, तोच खोटा झटका. पण चौथी आणि पाचवी? गेल्या वर्षी सपाट, आज दीड घर वर.

"सर," आकांक्षा फोनवर वाकली, "जागा तीच, सहाही. वरच्या दोनचा बदल वाट्यांचा होता. खालचा बदल नवा आहे आणि वाढतोय."

"तीच जागा हे नक्की कशावरून?"

"खुणा अंगावर आहेत. काजूच्या चिकाच्या."

पलीकडून आवाज आला, "द्या इंजेक्शन."

आकांक्षाने औषध फ्रीजमधून काढून हळूहळू शिरेत सोडलं. त्यानंतरची चाळीस मिनिटं सावित्री खाटेभोवती फिरत राहिली. चादर ओढ, चिमटे बघ, भिंतीवरचं घड्याळ बघ. विमला तिच्याकडे बघत नव्हती. बाळा दारात उभा राहून नखं खात होता. मधेच सावित्रीला सुचलं, तिने खिडकीतलं निळं बॉलपेन घेतलं आणि मोजून काढलेल्या चौथ्या फटीत, हाडाच्या दोन्ही बाजूंना, दोन ठळक फुल्या मारल्या. वर दोन काळे डाग, खाली दोन निळ्या फुल्या.

"ह्या काय आणि?" गुरुदासने विचारलं. त्याचा आवाज आता थोडा मोकळा होता.

"खरी जागा. थय गोव्याक परत काढतले ते हयच लावतले. मी चिठ्ठीत लिहिलंय."

पुढच्या पट्टीत रेघ एका घराच्याही खाली आली होती. अँब्युलन्स आली, बांद्याच्या रस्त्याने गेली. विमला आत चढताना सावित्री तिची पिशवी द्यायला पुढे झाली. विमलाने पिशवी घेतली, पण हाताला हात लागू दिला नाही.

त्या दुपारी आकांक्षाने दार लावलं. सावित्रीला वाटलं, आता नोकरी गेली. आकांक्षाने फक्त विचारलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" सावित्रीने कपाट उघडलं. मग दोघींनी कपाटातल्या फाइली खाली काढल्या आणि संध्याकाळपर्यंत जुन्या पट्ट्या एकामागून एक खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या. काही बाजूला ठेवल्या.

गुरुदास बाराव्या दिवशी परत आला. रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवलेली, अंगाने अर्धा झालेला. सावित्री तीन दिवस त्याच्या खळ्यापुढून गेली आणि पुढे निघून गेली. चौथ्या दिवशी आत शिरली. विमलाने चहाची कपबशी तिच्यापुढे ठेवली.

"थयल्या डॉक्टरान माका विचारल्यान," गुरुदास म्हणाला, "ह्ये काळे डाग कसले? मी सांगलंय, चार खरे, दोन आमच्या वयनीचे."

सावित्रीने कपबशी उचलली नाही. "भावजी, चूक माझी. मशीनाची नाय. त्या दिवशी मी खोटा बोललंय."

"म्हायत आसा माका." त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. "धा म्हयने, वयनी. धा म्हयने मी ह्या खळ्यात बसान बाळाक शिव्या दिलंय. आता डॉक्टर म्हणता, आणखी तीन म्हयने दोराक हात लावचो नाय. ते तीन माझे. माझ्या काळजाचे. पण ते धा तुझे, ते मी इसरूचंय नाय."

"इसरू नकात."

विमला मध्ये पडेल असं सावित्रीला वाटलं. ती पडली नाही. गुरुदासने समुद्राकडे बघितलं.

"माझ्या अंगावर डाग होते म्हणान कळला," तो म्हणाला. "ज्येंच्या अंगार नाय, तेंचा काय? आणखी कोणाकोणाक तू बसवन ठेवलंस? नि कोणाक काय नाय म्हणान सांगान घराक धाडलंस?"

"तेच बघतंय. याद्यो काढल्यो डॉक्टरबाईन."

"मगे हय कित्याक बसलंस?" तो एकदम चिडून म्हणाला. "चाय पी नि चालाक लाग!"

तिने चहा एका घोटात प्याला, जीभ भाजली, आणि ती निघाली.

पहिल्यांदा बोलावलं ते शेवंतीला. साठीची, धापेची. गेल्या वर्षी तिची पट्टी बघून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. सावित्रीने दाराला नवी कडी बसवून घेतली होती. जुन्या चादरी फाडून पुढून उघडणारे चार सैल झगे शिवले होते. पडद्याला खाली हातभर कापड जोडलं होतं.

शेवंती खाटेवर बसली आणि झगा हातात घेऊन बघत राहिली. "पोलका काढूक व्हया? गेल्या खेपेक नाय काढूक लावलंस ता?"

"तेवां चुकलंय."

"चुकलंस म्हणजे?"

"म्हणजे मी वाट्यो खोट्या जाग्यार लावलंय. माका येत नव्हता आणि येता असा वाटायचा." सावित्रीने कडी लावली, ओढून बघितली. "दार बंद आसा. हय मी नि तूच."

"नि तेवां सगळा बरा आसा म्हणालंस ता?"

"ता माका म्हायत नाय, शेवंती. म्हणानच परत बघूया."

शेवंतीने तिच्याकडे टक लावून बघितलं. मग खाली मान घालून, एकेक करत, पोलक्याची बटणं काढायला घेतली. सावित्रीने हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि बोट शेवंतीच्या गळ्याच्या खड्ड्यात टेकवलं. बाहेर बाकावर आणखी तिघी बसल्या होत्या, त्यांची कुजबुज दारातून येत होती. बोट हाडावरून खाली सरकलं. उंचवटा लागला. ती थांबली, परत वर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.